बर्नरची ज्योत नळीच्या आत जाते, शिट्टी वाजते. काय चुकतंय?

नवी_विज्ञानबाई (राजारामपुरी, कोल्हापूर)
जूनपासून नववी-दहावीला शिकवतेय. लॅबमध्ये सहा बर्नर, एलपीजीवर. परवा शेवटच्या टेबलावरच्या बर्नरची ज्योत एकदम गायब झाली. आतून शिट्टी, बुडाशी हिरवट उजेड. एक पोरगं नळीला हात लावणार, तेवढ्यात मी ओरडले आणि गॅस बंद केला. पंखा चालू होता, त्यामुळं झालं का? यापुढं पिवळ्या ज्योतीवरच प्रयोग घेऊ का? ती सुरक्षित म्हणतात.

निवृत्त_लॅबवाला
मॅडम, ओरडलात ते बरं केलंत. ज्योत आत जेटवर, म्हणजे नळीच्या बुडाशी गॅस येतो त्या बारीक छिद्रावर, बसली की नळी सणकून तापते आणि वरून काही कळत नाही. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे.

पंख्यावर खापर फोडू नका. हवेचं भोक सताड उघडं आणि गॅस कमी, की ज्योत खाली उतरते. सहाही एकदम पेटवले की शेवटच्या टेबलाला दाब पुरत नाही. असं झालं की गॅस बंद, बर्नर गार होऊ द्या, भोक बंद करा, आधी काडी पेटवा आणि मगच कॉक उघडा. भोक नंतर हळूहळू. जेटही बघा. मे महिन्याच्या सुट्टीनंतर माझ्याकडं एकदा त्यात कोळ्याचं जाळं निघालं होतं! पिन मात्र खुपसू नका, छिद्र मोठं होतं.

पिवळी ज्योत फक्त थांबायच्या वेळेला. ती डोळ्याला दिसते, निळी उजेडात दिसत नाही, एवढंच तिचं कौतुक. तिच्यावर बीकर ठेवलात तर रश्श्याच्या टोपाचं बूड होईल, काजळी घासत बसा.

आणि आपल्याकडं झड लागली की खिडक्या लावून घेतात, ते तेवढं नको. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर पंख्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, चालू नाही की बंद नाही.

पंचगंगाकाठ
काकांनी रबरी नळीचं सांगितलं नाही. दुमडून बघा, चिरा दिसल्या की फेका. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. पोरींच्या वेण्या बांधलेल्या, ओढणी खोचलेली हवी.

नवी_विज्ञानबाई
आज तीन-तीन करून पेटवले. पाच नीट जळले. सहावा एकटा लावला तरी शिट्टी घालतोय. त्याच्यावर खडूनं फुली मारून कपाटात ठेवलाय. काका, जेट उघडायला कुठला पाना लागतो?