हिशेब शिकवले, कर्जही मिळाले. तरी व्यवसाय का वाढत नाही?

प्रश्न
ग्रामीण महिलांच्या बचत गटांना हिशेबाचे प्रशिक्षण देण्याचे काम मी करते. जमाखर्च आणि व्याज शिकवून झाले, कर्जे मिळाली, हप्तेही वेळेवर फिटतात. तरीही शिवणकाम किंवा शेळीपालन करणाऱ्या बहुतेकींचा व्यवसाय होता तेवढाच राहिला आहे. उणीव प्रशिक्षणात आहे की भांडवलात?

उत्तर १
हप्ते वेळेवर फिटले म्हणजे कर्ज देणाऱ्याचे भागले. ते नफ्यातून फिटतात की मजुरीतून, हे आधी तपासावे. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील सूक्ष्मकर्जाच्या अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा काही व्यवसाय थोडेफार विस्तारल्याचे दिसले, परंतु घराच्या सरासरी उत्पन्नात मोठी वाढ आढळली नाही. परतफेडीचे वेळापत्रकही पाहावे. करडू विक्रीयोग्य होण्याआधीच हप्ता सुरू झाला, तर कर्जातलाच पैसा हप्त्यासाठी राखून ठेवावा लागतो. कोलकात्यातील एका प्रयोगात पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवलत दिल्यावर गुंतवणूक आणि पुढे नफाही वाढला. मात्र थकबाकीही वाढली, त्यामुळे कर्जपुरवठादार यास सहजी तयार होत नाहीत.

उत्तर २
प्रशिक्षणाबद्दल माझे मत थोडे कठोर आहे: आपण त्यांना लेखापाल करायला निघतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील लहान व्यावसायिकांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रीतसर लेखाशास्त्र शिकवून फारसा फरक पडला नाही. साधे ठोकताळे शिकवलेल्यांचे व्यवहार मात्र सुधारले. त्यांतला मुख्य ठोकताळा असा, की व्यवसायाचा आणि घरचा पैसा वेगळ्या ठिकाणी ठेवावा आणि व्यवसायातून स्वतःसाठी ठरावीक रक्कमच उचलावी.

प्रश्नकर्ती
दोन डबे आम्हीही सुचवले होते. पण घरात निकड आली की दोन्ही रिकामे होतात.

उत्तर ३
मग प्रश्न डब्याचा नसून तो उघडण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचा आहे. भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहितीचे फेरविश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार घरात पतीचाही व्यवसाय असेल, तर पत्नीला मिळालेले भांडवल बरेचदा तिकडे वळते. घरातला एकमेव व्यवसाय तिचाच असेल, तेव्हा तिची कमाई वाढलेली दिसते. त्यामुळे तिच्या एकटीच्या नावावरचे बचत खाते आणि आजारपणासारख्या निकडीसाठी गटाचा वेगळा आपत्कालीन निधी या दोन गोष्टी पुढच्या कर्जाआधी कराव्यात. शिवाय कर्जाचा व्याजदर सरळ (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर), हे विचारायला शिकवावे: वर्षभर मासिक हप्त्यांत फेडायच्या कर्जावरील सरळ १२ टक्के घटत्या शिलकीच्या हिशेबाने २१ टक्क्यांहून अधिक होतात.