तळपायावर लाल नागमोडी रेघ, रोज पुढे सरकतेय

कांदिवलीकर: मुलगा ९ वर्षांचा, दोन आठवड्यांपूर्वी अक्सा बीचला वाळूत अनवाणी खेळला. आता तळपायावर सुतळीएवढी लाल रेघ उठलीये आणि रात्री इतकी खाज की बिचारा रडत उठतो. केमिस्टने गजकर्णाची ट्यूब दिली, ८ दिवस लावली, काहीच फरक नाही. काल टोकाला पेनाने खूण केली तर आज रेघ बोटभर पुढे! कोणाला झालंय का असं?

माहीमची ताई: खूण केलीत ते बरं केलंत, फोटो काढून स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. ही कुत्र्या-मांजरांच्या पोटातल्या हुकवर्म नावाच्या जंताची अळी वाटतेय. त्यांच्या विष्ठेतून अंडी वाळूत पडतात, अळ्या होतात आणि उघड्या पायातून आत शिरतात, पण माणसाच्या कातडीत खोल जाता येत नाही म्हणून वरवरच भटकत राहतात. माझ्या नवऱ्याला आयव्हरमेक्टिन या जंताच्या गोळीचा एकच डोस दिला होता, दोन-तीन दिवसांत खाज गेली. मुलांना डोस वजनावर ठरतो, १५ किलोच्या आत सहसा देतच नाहीत, तेव्हा मनाने गोळी आणू नका प्लीज.

बोरिवलीचा काका: अल्बेंडाझोलही देतात, काही दिवस सलग. सुईने टोचून काढायला जाऊ नका हं, अळी रेघेच्या टोकाच्या पुढे असते, सापडत नाही आणि उगाच जखम पिकते. पोराची नखं आजच कापा.

कांदिवलीकर: थँक्यू ताई, काका. उद्या सकाळीच नेतो, नखं आत्ताच कापली.