मदत हवी आहे: मांजरीला गजकर्ण, कुत्र्याच्या कानात यीस्ट, औषध कधी थांबवायचं?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज वाचा.

चिंगी, आमचं मांजरीचं पिल्लू, हिच्या कानाच्या कडेला आणि पुढच्या पायावर गोल चट्टे पडले, केस गेले, वर राखाडी खपल्या, पण खाज फारशी नाही. व्हेटनी खोलीत अंधार करून वूड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) बघितलं तर केस हिरवे चमकले, कल्चरही (केसांतली बुरशी वाढवून बघायची तपासणी) पॉझिटिव्ह आलं, मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी, म्हणजे आपलं गजकर्णच. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध तोंडातून चालू आहे, एक आठवडा द्यायचं एक आठवडा गॅप, आणि आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोलचा शाम्पू. तो दहा मिनिटं अंगावर ठेवायचा असतो आणि ओलं मांजर तेवढा वेळ कसं धरून ठेवायचं ते कुणीतरी सांगा, बिचारी थरथरते.

आता तिचे केस परत यायला लागलेत तर घरचे म्हणतात बास झालं औषध, लिव्हरवर परिणाम होईल. व्हेट म्हणतात केस आले म्हणजे बुरशी गेली असं नाही, कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत बंद करायचं नाही. मला व्हेटचं पटतं पण भीतीही वाटते हो, एवढासा जीव. तुमच्या मांजरांना किती काळ द्यावं लागलं? मधे भूक कमी झाली का, रक्ततपासणी केलीत का?

आमच्या कुत्र्याचं, शेरूचं वेगळंच. कान लाल, आत तपकिरी तेलकट मळ, आंबूस वास, सारखं डोकं झटकतो. सगळ्यांना वाटलं चिंगीचंच लागलं, पण मळाची स्लाइड बघून कळलं की हे मलासेझिया नावाचं यीस्ट आहे, कुत्र्याच्या कातडीवर ते एरवीही असतंच, अ‍ॅलर्जी असली किंवा कान ओले राहिले की वाढतं, चिंगीकडून आलेलं नाही. ड्रॉप्सनी बरं वाटतं आणि बंद केले की परत तेच. ज्यांच्या कुत्र्याला असं सारखं होतं त्यांना मूळ कारण काय सापडलं, खाण्यातली अ‍ॅलर्जी का अजून काही?

मुलीच्या दंडावरही गोल चट्टा उठलाय, तिचं औषध स्किनच्या डॉक्टरांकडे चालू आहे. गळलेल्या केसांतले बीजाणू वर्षभरसुद्धा टिकतात म्हणे, म्हणून रोज व्हॅक्युम, चादरी धुणं, फरशी पातळ ब्लीचनी पुसणं चाललंय. पण कापडी सोफ्याचं काय करू? ब्लीच तर मारता येत नाही. चिंगीला वेगळ्या खोलीत ठेवलंय, आम्ही जुने कपडे घालून तिच्याशी खेळायला जातो, कारण या वयात पिल्लाला एकटं कोंडून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

एक विनंती, टी ट्री ऑइल सुचवू नका, ते मांजरांना विषारी आहे, आणि घरातली स्टिरॉइडवाली क्रीमही नको, त्यानी लाली कमी दिसते पण बुरशी पसरते. आणि बाहेर सोडून द्या असंही कृपया लिहू नका, ती कुठेही जाणार नाही. सोफ्याचं मात्र लवकर सांगा, मुलगी त्यावरच बसते.