भेगेच्या टोकाशी भोक पाडल्याने ती थांबते कशी?

प्रश्न – यंत्रजिज्ञासू

धातूच्या पत्र्यात भेग पडली की ती पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाशी ड्रिलने गोल भोक पाडतात. ही पद्धत चांगलीच रूढ आहे, पण तिच्यामागचे कारण मला नीटसे पटलेले नाही. भोक पाडले म्हणजे भार पेलणारा धातू आणखी कमी झाला. शिवाय ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावर पडणारे बल) तिप्पट होते, हेही पाठ्यपुस्तकात दिलेले असते. मग आधीच कमकुवत झालेला भाग आणखी पोखरून भेग थांबते ती कशी? शिवाय पत्र्यावरचे प्रतिबल त्याच्या मजबुतीच्या कितीतरी खाली असतानाही भेग वाढत राहते, ती कशाच्या जोरावर?

उत्तर – धातुमित्र

तिप्पट हा आकडा बरोबर आहे. मात्र त्याची तुलना भेगेच्या टोकाशी करायला हवी, अखंड पत्र्याशी नव्हे. ब्रिटिश अभियंते इंग्लिस यांनी 1913 साली लंबवर्तुळाकार भोकाचे गणित मांडले; भेग म्हणजे असेच, पण अगदी चपटे भोक मानता येते. त्यानुसार टोकाशी प्रतिबल किती पटींनी वाढते हे दोन गोष्टींवर ठरते: भोकाची निम्मी लांबी आणि टोकाची वक्रता-त्रिज्या (टोकाच्या गोलाईत बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या; टोक जितके तीक्ष्ण, तितकी ती लहान). पहिलीला दुसरीने भागून वर्गमूळ काढावे, त्याची दुप्पट करावी आणि त्यात एक मिळवावा.

समजा, भेग 10 मिमी लांब आहे आणि तिच्या टोकाची त्रिज्या 0.005 मिमी आहे. निम्मी लांबी 5 मिमी धरली, तर टोकाशी प्रतिबल जवळजवळ 64 पट होते. आता दोन्ही टोकांवर 6 मिमी व्यासाची भोके पाडा. निम्मी लांबी वाढून 8 मिमी झाली हे खरे, पण त्रिज्या 3 मिमी झाल्यामुळे तेच गुणोत्तर सव्वाचारच्या आसपास उतरते. गमावलेला धातू थोडा आणि बोथट झालेले टोक मोठे, असा हा व्यवहार आहे.

उत्तर – भंगशास्त्र_अभ्यासक

वरील हिशेब भोकासाठी उत्तम आहे, पण दुसऱ्या शंकेपाशी तो अपुरा पडतो. टोक अधिकाधिक तीक्ष्ण मानत गेलो, तर सूत्राप्रमाणे तेथील प्रतिबल अनंताकडे जाते, म्हणजे कोणताही भेगाळलेला पदार्थ नाममात्र भारानेही तुटायला हवा. तसे घडत नाही. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा पेच ऊर्जेच्या हिशेबाने सोडवला. भेग किंचित पुढे सरकली की तिच्या आजूबाजूचा ताणलेला पदार्थ सैल होतो आणि त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते. त्याच वेळी दोन नवे पृष्ठभाग निर्माण करायला ऊर्जा खर्च करावी लागते. भेग जितकी लांब, तितकी पुढच्या प्रत्येक पावलाला मिळणारी ऊर्जा जास्त. खर्च मात्र दर पावलाला तेवढाच राहतो. जमा खर्चाला गाठते त्या लांबीनंतर भार न वाढवताही भेग आपोआप धावते.

धातूंमध्ये खर्चाची बाजू फार मोठी असते, कारण टोकाजवळचा धातू तुटण्यापूर्वी कायमचा वाकतो, सरकतो आणि त्यात बरीच ऊर्जा गिळतो. अर्विन आणि ओरोवान यांनी हा खर्च हिशेबात घेतला. पदार्थाच्या या विरोधशक्तीलाच अभियंते फ्रॅक्चर टफनेस म्हणतात. तिचे ढोबळ आकडे घेऊन 100 मेगापास्कल प्रतिबलाखाली पाहिले, तर विमानात वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत साधारण 57 मिमी लांबीपर्यंतची भेग तग धरते. काचेत मात्र 0.036 मिमीची, डोळ्याला न दिसणारी भेगही घात करते. माझ्या मते, केवळ मजबुतीचा आकडा पाहून पदार्थ निवडणे धोक्याचे आहे ते याचमुळे.

यंत्रजिज्ञासू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक अडचण मात्र उरते. लांबी त्या मर्यादेच्या आत असेल, तर भेग जागच्या जागी राहायला हवी. प्रत्यक्षात ती हळूहळू वाढते. ते का?

उत्तर – थकवा_तपासनीस

कारण भार स्थिर नसतो. भार चढून उतरण्याच्या प्रत्येक आवर्तनात टोकाजवळचा धातू थोडा उघडतो, बोथट होतो आणि भार उतरताना पुन्हा मिटून तीक्ष्ण होतो. दर वेळी भेग मिलिमीटरचा अगदी छोटा अंश पुढे जाते. तुटलेल्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पावलांच्या समांतर रेषा अनेकदा स्पष्ट दिसतात.

पॅरिस आणि एर्दोगान यांनी 1963 साली मांडलेल्या नियमानुसार, अनेक धातूंमध्ये वाढीचा वेग प्रतिबलाच्या चढउताराच्या साधारण तिसऱ्या घाताने बदलतो: चढउतार दुप्पट, तर वेग आठपट. भेग लांबली की तोच भार टोकाशी अधिक तीव्र होतो, म्हणून वेगही वाढत जातो. घात तीन धरून 1 मिमीपासून 25 मिमीपर्यंतचा प्रवास मोजला, तर पहिल्या 3 मिमी वाढीतच सुमारे 62 टक्के आवर्तने खर्ची पडतात आणि शेवटची 16 मिमी वाढ उरल्यासुरल्या सहाव्या हिश्शात उरकते. भेग ठळक दिसू लागते तोवर पुष्कळसे आयुष्य संपलेले असते, हे तपासणी करणाऱ्याने कधीही विसरू नये.

भोकाबद्दल एवढेच सांगतो की डोळ्याला दिसणारे टोक हे खरे टोक नसते. रंगद्रव्य झिरपवून टोक शोधावे, भोक त्याच्या थोडे पुढे जाईल असे पाडावे आणि आतली कड गुळगुळीत करावी, कारण ड्रिलने सोडलेला ओरखडा हेच नव्या भेगेचे बीज ठरू शकते. भेग पत्र्याच्या आरपार गेलेली नसेल, तर हा उपाय करू नये. सर्व काही नीट केले तरी भोकाच्या कडेला प्रतिबल चौपटच राहते, म्हणून काही काळाने तेथून नवी भेग निघू शकते. तोपर्यंत मिळालेला अवधी त्या भागाची रीतसर दुरुस्ती करण्यासाठी किंवा तो बदलण्यासाठी वापरावा.