मदत हवी आहे : दिव्यांखालच्या कबड्डीला मीटरिंग (कॅमेऱ्याची उजेड मोजायची पद्धत) कोणतं ठेवू?

नमस्कार मंडळी. रेशीमबाग मैदानावर कबड्डीचे फोटो काढतोय. दुपारी चिंता नाही, शटर १/१६०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००. नागपुरात उन्हाची कमी थोडीच! गडबड दिवे लागल्यावर होते. रेडर गोठवायला १/८०० तरी हवं, म्हणून शटर-अ‍ॅपर्चर हाताने ठरवायचा मॅन्युअल मोड, एफ २.८ आणि आयएसओ तेवढा कॅमेऱ्यावर सोडलेला, म्हणजे ऑटो. पण सगळी फ्रेम मोजणाऱ्या मॅट्रिक्स मीटरिंगला मागचा काळोख दिसला की आयएसओ चढतो आणि चेहरे पांढरेफटक. एकाच ठिपक्यावर मोजणारं स्पॉट लावलं तर पांढऱ्या जर्सीवर फोटो काळा, गडद जर्सीवर भलताच उजळ.

मधल्या भागाला जास्त वजन देणारं सेंटर-वेटेड लावून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ करू (म्हणजे फोटो मुद्दाम थोडा गडद), की चेहऱ्यावरून एकदा मोजून आयएसओही फिक्स करू? मला दुसरं पटतं, पण मैदानाच्या एका कोपऱ्यात उजेड कमी आहे, तिथे काय करता?

शिवाय बर्स्टमध्ये (सलग झटपट फोटोंत) एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात हे ठाऊक आहे, पण त्याला जुळवून शटर १/१०० ठेवलं तर खेळाडू हललेला येतो. दिव्याच्या उजळ क्षणीच फोटो घेणारा अँटी-फ्लिकर लावला तर बर्स्टचा वेग फार पडतो का? रात्रीचे सामने काढणाऱ्या दादा-ताईंनी सांगा ना. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) आहेत.