उकडलेल्या अंड्यानं 'टोन' केलेला राणीछाप रुपया विकताना खरं किती सांगायचं?

रामबागकर
नमस्कार मंडळी, विचारायला जरा लाज वाटतीये पण विचारतोच. आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या डब्यात सात राणीछाप कलदार, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये निघाले, सगळे १९०१चे. दर दिवाळीला चिंच आणि राखेनं घासून घासून राणीसाहेबांचं नाक सपाट झालंय आणि नाणी पांढरीफटक. आमच्या इंदूरच्या सराफ्यात नेली तर तो वजनकाट्याकडे बघूनच बोलला, चांदीच्या भावात घेतो, बास. मग ऑनलाइन बघितलं तर निळेजांभळे झालेले असेच रुपये 'रेनबो टोनिंग' म्हणून काहीच्या काही किमतीला जातायत.

झालं, व्हिडिओ बघून प्रयोग केला. उकडलेलं अंडं कुस्करून घट्ट झाकणाच्या डब्यात, बाजूला कागदावर नाणं. घरात अंडं चालत नाही म्हणून सगळा कारभार गच्चीवर टाकीच्या मागे, तरी बायकोला वास आलाच. आधी सोनेरी झालं, सकाळी बघतो तर मोरपंखी निळं. फोटो टाकला आणि लिहिलं "आजीच्या डब्यातला रुपया, १९०१, सुंदर टोनिंग". नागपूरचे एक गृहस्थ चांदीच्या भावाच्या सहापट द्यायला तयार आहेत. पैसे घेतले नाहीयेत अजून. यातला एकही शब्द खोटा नाही ना? मग पॅकिंगला हात का जात नाहीये कळत नाही.

मांडवी_बडोदा
दादा, शब्द खरे आहेत पण 'सुंदर टोनिंग' वाचणारा काय समजतो ते तुम्हाला पक्कं माहितीये, म्हणूनच तर लिहिलंत. तो समजतो की नाणं पन्नास-साठ वर्षं कागदात नाहीतर लाकडी कपाटात पडून हळूहळू रंगलं. पैसे त्या वर्षांचे देतोय तो, तुमचं अंडं एका रात्रीचं.

केमिस्ट्री दोन्हीकडे एकच आहे बरं का. चांदीवर गंधकाचा, मग तो अंड्यातला असो की हवेतला, परिणाम होऊन सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो, त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाश वेगळा दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो ना तसा. थर वाढत जातो तसा आधी पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा. सावकाश रंगलेल्या नाण्यावर बहुतेक वेळा हे पट्टे कडेकडून आत एकातून एक उतरत येतात आणि अक्षरांच्या भोवती बारीक फिकी कड राहते. घाईत केलेल्याला मधला पिवळा जवळजवळ गायब, एकदम निळा थपकन, आणि तो अक्षरांवरून, चेहऱ्यावरून, सगळीकडून सरसकट गेलेला. असं असलं की शंका घ्यायची.

पण खरी चोरी रंगाच्या खाली असते. तुमचं नाणं राखेनं घासलेलं, म्हणजे त्यावर केसासारखे बारीक ओरखडे असणार आणि मूळची चमक गेलेली. दिव्याखाली फिरवून बघा, न घासलेल्या नाण्यावर उजेड चक्रासारखा फिरतो, तुमच्यावर नाही फिरणार. बरेच लोक रंग देतात ते हे झाकायलाच. आणि एसिटोन लावून तपासा म्हणणाऱ्यांचं फार ऐकू नका, त्यानं तेल, वार्निश, वरून लावलेली शाई निघते, सल्फाइड निघत नाही.

चांदीवाला_छोटा
एवढं काय त्यात यार. आम्ही दुकानात पैंजण, मूर्त्या सर्रास ऑक्सिडाइज करून विकतो, कोणी फसवणूक म्हणतं का? गिऱ्हाइकाला निळं आवडलं, निळं दिलं. ११.६६ ग्रॅमचा रुपया, साधारण ९१.७ टक्के चांदी, ती कुठे कमी झाली? मोठा माणूस आहे, डोळे आहेत त्याला.

लष्करवाली_ताई
भाऊ, तुमच्या पैंजणाच्या पाटीवर 'ऑक्सिडाइज्ड' लिहिलेलं असतं, तेवढाच तर फरक आहे.

मी ग्वाल्हेरला असते, फसलेल्यांपैकी आहे म्हणून बोलते. होळकरांचा मल्हारनगरचा सूर्यमुखी रुपया घेतला होता ऑनलाइन, नाण्यावर नाव मुघल बादशहा शाह आलमचं आणि वर तो हसरा सूर्य, त्या सूर्यावर निळसर झाक, इतका गोड दिसत होता की मी फोटोच बघत बसायचे. तीन महिन्यांत त्यावर काळे डाग उठले. रसायन नीट धुतलेलं नव्हतं, आतल्या आत काम चालूच. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे "आमच्याकडून गेलं तेव्हा छान होतं." हेही खरंच की! रामबागकर, तुमच्या त्या गृहस्थांना एवढंच लिहा, नाणं घासलेलं आहे, रंग मी गेल्या आठवड्यात दिला. मग घेतील ते घेतील.

मांडवी_बडोदा
आणि परदेशातून कोणी मागितलं तर सरळ नाही म्हणा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, बाहेर पाठवता येत नाही. लोक कुरिअरवर 'इमिटेशन ज्वेलरी' लिहून पाठवतात, ते आणखी वेगळंच.

रामबागकर
ताई, काल रात्री लिहिलं त्यांना. अंड्यासकट सगळं. मला वाटलं शिव्या देतील. उत्तर काय आलं माहितीये? "कळलं होतं फोटोवरूनच, काही हरकत नाही, भाव तोच देतो, फक्त हे बिलावर लिहू नका आणि लिस्टिंगमधलं वाक्य आहे तसंच राहू द्या, मला पुढे द्यायचाय." पाच मिनिटं नुसता फोनकडे बघत बसलो. म्हणजे माझं ते 'आजीच्या डब्यातला' त्यांना हवं होतं, नाणं नाही.

लिस्टिंग काढून टाकली. आता हा रंग घरच्या घरी काढता येतो का?

मांडवी_बडोदा
थायोयुरियाचा डिप, म्हणजे नाणं बुडवायचं रसायन मिळतं, रंग जाईल, पण त्यात वरची चांदीही थोडी जाते. आजीनं शंभर वेळा घासलंय, तुम्ही आणखी कशाला. साध्या पाण्यानं धुवा, कापडानं घासू नका, टिपून कोरडं करा आणि बाकीच्या सहांपासून वेगळं ठेवा.

चांदीवाला_छोटा
चांदीच्या भावात मी घेतो, बोला.

रामबागकर
नको, राहू दे. बायको विचारतीये निळा रुपया पूजेत चालतो का. आणि अंड्याचं सासूबाईंना सांगायचं की नाही.