वन-पॉकेटमधील मुद्दाम केलेला फाऊल: भित्रेपणा की डावाचाच भाग?

मांडवीकर:
'खाडीपट्टा' यांनी गेल्या आठवड्यात रत्नागिरीतील एका स्थानिक स्पर्धेविषयी येथे लिहिले की, वन-पॉकेटमध्ये (पूलचा एक प्रकार: प्रत्येकाचे एकच ठरलेले पॉकेट असते आणि त्यात आधी आठ बॉल टाकणारा जिंकतो) मुद्दाम फाऊल करणारा खेळाडू भित्रा असतो आणि आयोजकांनी त्याला समज द्यावी. ज्या डावावरून त्यांनी हे लिहिले, तो मी टेबलाशेजारी उभा राहून पाहिला आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर. एका खेळाडूचे सात बॉल झाले होते आणि आठव्यासाठी दोन बॉल त्याच्या पॉकेटच्या तोंडाशी बसले होते. दुसऱ्याचे चार झाले होते आणि व्हाइट बॉल घोळक्यामागे अडकला होता. जवळच्या बॉलला स्पर्श करणे सोपे होते. परंतु स्पर्शानंतर एकही बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, लागला नाही किंवा पॉकेटमध्ये गेला नाही, तर फाऊल होतो; आणि कुशनपर्यंत काहीतरी पोहोचेल इतका जोर लावला असता, तर व्हाइट उघड्यावर येऊन डाव तेथेच संपला असता. त्याने क्यूच्या टिपने व्हाइटला हलकेच ढकलून घोळक्याला चिकटवले, फाऊलच्या शिक्षेपोटी एक बॉल परत दिला आणि चाराचे तीन करून घेतले. यात भिण्यासारखे काय होते?

उलट त्याने अधिक अवघड वाट निवडली. सलग तिसरा फाऊल झाला की डाव हरतो, हे सर्वांना माहीत आहे. समोरच्यानेही प्रत्येक वेळी फाऊलनेच उत्तर दिले, तर पहिला फाऊल करणाऱ्यावरच आधी फाऊल न करता खेळण्याची पाळी येते. म्हणजे आपण कोठे अडकणार आहोत हे जाणूनच तो त्या वाटेने गेला, आणि दोन फाऊलांच्या अवधीत बाहेर पडण्याचा फटका शोधण्याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली.

खाडीपट्टा:
मी लिहिलेला शब्द मागे घेत नाही. स्नूकरमध्ये फाऊलची शिक्षा चार ते सात गुणांची असते, आणि खेळाडूने बॉल गाठण्याचा पुरेसा प्रयत्न केला नाही असे पंचाला वाटले, तर बॉल पूर्ववत मांडून त्याला पुन्हा खेळायला लावता येते. नाइन-बॉल या पूलच्याच दुसऱ्या प्रकारात फाऊलनंतर व्हाइट प्रतिस्पर्ध्याच्या हातात येतो आणि तो टेबलावर कोठेही ठेवता येतो. वन-पॉकेटमध्ये मात्र केवळ एक बॉल परत द्यावा लागतो आणि व्हाइट आहे तेथेच राहतो. शिक्षा स्वस्त आहे म्हणून गुन्हा कौशल्य ठरत नाही.

माझा भाचा गणपतीच्या सुट्टीत गावी आला असता हौसेने हा खेळ शिकू लागला. पहिल्याच डावात समोरच्या अनुभवी माणसाने त्याला सेफ्टीवर सेफ्टी (समोरच्याला सोपा फटका उरू नये असा बचावाचा फटका) देत इतके खेळवले की एकही मोकळा फटका त्याच्या वाट्याला आला नाही, आणि हरणाऱ्याने भाडे द्यायचे या रिवाजाप्रमाणे टेबलाचे पैसेही त्यालाच द्यावे लागले. तो पुन्हा त्या हॉलकडे फिरकला नाही.

टेबलवाला:
भाड्याचा विषय निघालाच आहे, तर हॉल चालवणाऱ्याचेही ऐका. हरणारा भाडे देतो हा रिवाज मी घातलेला नाही. तो खेळणाऱ्यांनी आपापसांत ठरवलेला आहे. तासाचे भाडे असल्यामुळे डाव लांबला की मालकाचे फावते, असे येथे पूर्वीही सुचवले गेले आहे. आषाढ-श्रावणात खाऱ्या, दमट हवेत टेबलाचे कापड ओल धरते, बॉल जड चालतात, आणि वीज तर केव्हाही जाते. त्या दिवसांत खेळ आपोआपच संथ होतो, कारण जेथे उन्हाळ्यात बॉल कुशनला लागून परत येतो तेथे तो अर्ध्यातच थांबतो. पावसाळ्यातल्या एका डावावरून कोणाच्याही वृत्तीचे निदान करू नये.

चिपळूणचा चढाईपटू:
मी पूल फारसा खेळलेलो नाही, परंतु हा वाद कबड्डीत होऊन गेलेला आहे. पूर्वी आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत चढाईपटूला निदान रेषा (चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा) ओलांडून परत यायला सांगे आणि सामना तसाच संपवून टाकी. मग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण घेतलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद, असा नियम आला, आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यावर तो घरोघरी पोहोचला. खेळ सुधारला. तुमच्या टेबलावरही तसेच काही करा.

मातीचे मैदान:
खेळ सुधारला, हे ठरवणारे आपण कोण? आम्ही मातीवर खेळलो. तेथे चढाईपटू समोरच्या सात जणांना हलवत, कोपऱ्यातल्या गड्याला पाय पुढे टाकायला लावून काही न घेता परत येत असे, आणि त्याचे फळ दोन चढायांनंतर दिसे. तिसऱ्या चढाईच्या सक्तीने ती कला मारली. आता पकड करणारेही दबा धरून तिसऱ्या चढाईची वाट पाहतात. मुलांना श्वास राखण्याऐवजी घड्याळ पाहायला शिकवले जाते आणि आपण त्याला सुधारणा म्हणतो.

चिपळूणचा चढाईपटू:
काका, तुमच्या काळाचा आदर ठेवूनच सांगतो की, ती कला पाहायला मैदानाभोवती माणसे उरली नव्हती. आमच्या वाडीतल्या स्पर्धेत शेवटची पाच मिनिटे लोक उठून चहाला जात, हे मी स्वतः पाहिले आहे.

मातीचे मैदान:
लोक चहाला गेले म्हणून खेळाडूने आपली बुद्धी गहाण टाकायची काय? तुम्ही प्रेक्षकांविषयी बोलत आहात आणि मी खेळाविषयी बोलत आहे.

खाडीपट्टा:
कबड्डी येथे कोणी आणली ते बाजूला ठेवू, परंतु त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. संथपणाला आळा घालावा लागला, याचा अर्थ तो दोष होता. ज्यांना हा दोष दिसत नाही, त्यांनी नवशिक्यांसमोर मोठ्या खेळाडूंचे दाखले देऊ नयेत.

मांडवीकर:
दाखला दिला नव्हता, पण आता देतो. फिलिपिन्सचे पूलपटू एफ्रेन रेयेस यांनी १९९९ साली नाइन-बॉलचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि वन-पॉकेटमध्येही त्यांची गणना सर्वश्रेष्ठांत होते. त्यांना जगभर जादूगार म्हणतात ते त्यांच्या सेफ्टींमुळेही. आणि नियमाचीच गोष्ट काढता, तर १९०७ साली इंग्लंडमध्ये टॉम रीस यांनी बिलियर्ड्समध्ये दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकवून एकच कॅनन (आपल्या बॉलने दोन्ही बॉलना स्पर्श करण्याचा फटका) पुन्हा पुन्हा घेत ४,९९,१३५ गुणांचा न संपलेला ब्रेक, म्हणजे एकाच पाळीतल्या सलग गुणांची मालिका, केला. तो फटका कंटाळवाणा होता, म्हणून नियामकांनी तोच बंद केला. रीस यांना कोणी भित्रा ठरवले नाही. आपल्याला वन-पॉकेटमध्ये बदल हवा असेल, तर तो मागा. खेळाडूच्या चारित्र्याला हात घालू नका.

शिवाय कबड्डीतल्या तिसऱ्या चढाईसारखी मर्यादा वन-पॉकेटमध्ये आधीच आहे: सलग तिसरा फाऊल म्हणजे पराभव. आपण वाचलेत, पण मोजले नाहीत.

खाडीपट्टा:
मोजणे मला येते, आणि हा सूर मला मान्य नाही. तीन फाऊलांची मर्यादा आहे, म्हणून या डावपेचाला नियमबाह्य म्हणता येणार नाही, एवढे मी मान्य करतो. 'भित्रा' हा शब्द त्या विशिष्ट खेळाडूला लावणेही कदाचित कठोर झाले असेल. परंतु मर्यादा असल्याने भाचा परत येत नाही. आपल्या हॉलमध्ये हरणाऱ्याने सगळे भाडे द्यायचे, हा रिवाज वन-पॉकेटपुरता तरी बंद करून दोघांनी निम्मे-निम्मे द्यावे. मग कोणी कितीही वेळ घोळक्यामागे बसला, तरी मी एक शब्द लिहिणार नाही.

टेबलवाला:
निम्म्या भाड्याला माझी हरकत नाही. मात्र प्रतिस्पर्ध्याचे दोन फाऊल झाले की 'दोन झाले' असे समोरच्याने मोठ्याने सांगायचे, हेही सोबत ठरवा. माझ्या हॉलमधली अर्धी भांडणे पैशावरून नव्हे, तर तिसऱ्या फाऊलच्या मोजणीवरून होतात.

मांडवीकर:
दोन्ही सूचना मान्य. फाऊल मात्र मी घेतच राहीन.